झाकण उघडंच होतं

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. लॅपटॉपचं झाकण मी बंद केलं नव्हतं. एकदाही नाही. हे वाक्य मी तीन आठवडे बायकोला सांगितलं, मुलीला सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या प्राध्यापकाला आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या सचिवांना सांगितलं, आणि एकदा दाढी करताना आरशातल्या माणसालाही सांगितलं. यातल्या एकानेही, आरशातला धरून, माझ्यावर पुरता विश्वास ठेवला नाही.

सुरुवात फार सन्मानाची होती. संघाचे सचिव रावजी निरगुडे एका मंगळवारी सकाळी स्वतः जिना चढून आले आणि म्हणाले की, उन्हाळा तोंडावर आलाय, तर विजेच्या बचतीवर तुम्ही चाळीस मिनिटं बोला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये मी चौतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत ‘बोरस्ते साहेब, लाइट कधी येणार?’ याखेरीज मला कोणी काही विचारलेलं नव्हतं, आणि तेही लाइट गेल्यावरच. त्यामुळे चाळीस मिनिटं हे शब्द मी रावजींकडून दोनदा वदवून घेतले. त्याच भरात मी बोलून गेलो की नुसतं भाषण नको, पडद्यावर चित्रं दाखवून बोलतो. कागदावरून वाचलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण आदल्या महिन्यात संघात एका दंतवैद्याने पडद्यावर दाढा दाखवल्या होत्या आणि लोक अजून त्या दाढांबद्दल बोलत होते.

लॅपटॉप आमच्या निकिताचा. नोकरीला बंगळुरूला जाताना ती तो घरी ठेवून गेली, कारण तो चालू व्हायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात पोळ्या लाटून व्हायच्या. खालच्या मजल्यावर योगेश राहतो, तो इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. त्याला हे कळलं तेव्हा त्याचे डोळे चमकले. काही लोकांची जशी आयुर्वेदावर श्रद्धा असते तशी त्याची लिनक्स नावाच्या फुकट संगणक प्रणालीवर आहे. तो तीन तास बसला, चार कप चहा प्यायला, आतलं जुनं सगळं काढून त्याने लिनक्स घातलं, आणि उठताना म्हणाला, “काका, आता हा लॅपटॉप खऱ्या अर्थाने तुमचा झाला.” तेव्हा मला हा आशीर्वाद वाटला होता.

दुसऱ्या दिवशी मी कामाला बसलो. माझी बसण्याची एक पद्धत आहे. कंट्रोल रूममध्ये आमच्या पॅनेलसमोर एक पितळी दांडा होता. डावा हात त्या दांड्यावर टेकवायचा आणि उजव्या हाताने एकेक बटण विचार करून दाबायचं, ही शिस्त. चौतीस वर्षांनी तो दांडा हातातून जात नाही. त्यामुळे लॅपटॉपवरही माझा डावा तळवा डाव्या कोपऱ्यात विसावतो आणि उजव्या हाताची तर्जनी काम करते. ‘विजेची शिस्त’ हे शीर्षक मी टंकलं, खाली माझं नाव आणि हुद्दा टंकला, आणि समाधानाने डावा हात टेकवून ते वाचायला लागलो, तेवढ्यात पडदा काळा झाला. बटण दाबलं. जागा झाला, पासवर्ड मागितला, दिला, दोन ओळी झाल्या, पुन्हा काळा. त्या एका पानावर तो नऊ वेळा झोपला. झोपायला काही हरकत नसते, पण समोरचा माणूस बोलत असताना झोपणं हा अपमान असतो, आणि तो मी पुढे तीन आठवडे रोज सोसला.

साहजिकच रक्तदाब वाढला. हा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. वर्षापूर्वी आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये एक मोफत आरोग्य शिबिर झालं होतं. तिथून छाया, म्हणजे माझी पत्नी, माझ्यासाठी तांब्याच्या रंगाचं एक चुंबकीय कडं घेऊन आली. चार चुंबकं असलेलं, डाव्या मनगटात घालायचं आणि अंघोळीलाही काढायचं नाही असं. माझा रक्तदाब उतरला. डॉक्टरांनी श्रेय गोळ्यांना दिलं, छायाने कड्याला दिलं, आणि मी मनातल्या मनात निवृत्तीला दिलं. पण छायाचा विश्वास एवढा प्रामाणिक की तिने तो कॉलनीभर वाटला. आता सकाळी जेल रोडवर फिरायला निघालेले सगळे ज्येष्ठ डावा हात हलवतात तेव्हा ओळीने तांबूस चमकतात. असो, आपण लॅपटॉपकडे वळू.

योगेश आला. त्याने वीजवापराच्या सगळ्या सूचना तपासल्या, जिथे जिथे ‘इतक्या मिनिटांनी झोपावे’ होतं तिथे तिथे ‘कधीच नाही’ केलं, आणि अर्धा तास स्वतः टंकत बसला. लॅपटॉप आज्ञाधारक मुलासारखा टक्क जागा होता. योगेश जिना उतरला असेल नसेल, मी बसलो, आणि चौथ्या मिनिटाला अंधार. मी हाक मारली, तो परत आला. या वेळी त्याने लॅपटॉपची नोंदवही उघडली. हे मला आवडलं. लिनक्स आपल्या पोटात घडलेली प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहून ठेवतं, अगदी आमच्या शिफ्टच्या लॉगबुकासारखं. योगेशने बोट ठेवून दाखवलं. अकरा वाजून बेचाळीस मिनिटं सात सेकंद, ‘लिड क्लोज्ड’, म्हणजे झाकण बंद. त्याखाली लगेच, झोपतो आहे.

“काका, तुम्ही झाकण लावलं होतं का मधे?” योगेशने विचारलं. मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, “सवयीने लागलं असेल. होतं असं.” मग त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला ओळखीची होती. माझ्या वडिलांकडे मी तसं बघायचो.

योगेशला कॉलेजच्या परीक्षा होत्या, म्हणून झाकण बंद झालं तरी झोपू नये यासाठी काय करायचं ते त्याने कागदावर लिहून दिलं. अमुक फाइल उघडा, त्यात झाकणाची ओळ शोधा, तिच्यापुढे ‘इग्नोर’ लिहा. प्रत्येक आज्ञेआधी सुडो असं लिहावं लागतं, म्हणजे वरिष्ठांच्या अधिकारात हे करतो आहे असं जाहीर करायचं. मग पासवर्ड मागतात, पण तो टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. मला वाटलं कीबोर्ड गेला. त्या समजात मी पाऊण तास कीबोर्ड पालथा करून झटकत होतो आणि त्यातून निकिताच्या कॉलेजच्या काळातला चिवडा निघाला. शेवटी फाइल उघडली. ओळ सापडली. तिच्या सुरुवातीला दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांचं एक चिन्ह होतं. इतर ओळींच्या आधीही होतं. आपण पत्राच्या माथ्यावर श्री लिहितो, तसं काही शुभ असेल म्हणून मी ते श्रद्धेने तसंच ठेवलं. दोन दिवसांनी योगेशने सांगितलं की ते चिन्ह म्हणजे ‘ही ओळ वाचूच नका’ अशी खूण असते.

चिन्ह काढलं. तरी झोपला. योगेश म्हणाला, झाकणाचा निर्णय एकटं लिनक्स घेत नाही, वर डेस्कटॉपचा वेगळा पॉवर मॅनेजर बसलेला असतो, त्याने स्वतःचा हुकूम काढला की खालचा बाद. एका झाकणावर दोन अधिकारी. हे मला लगेच पटलं, कारण नोकरीत मी याहून वाईट पाहिलं आहे. त्या दुसऱ्या अधिकाऱ्यालाही समज दिली. त्यानंतर लॅपटॉप झोपायचा थांबला, पण पडदा मात्र तसाच काळा व्हायचा. आत पंखा घुमतोय, काम चालू आहे आणि समोर काही दिसत नाही. योगेश म्हणाला की आता हे बायोसमध्ये आहे, बायोस लिनक्सच्याही खाली असतं, तिथे आपली हद्द संपते. हद्द हा शब्द ऐकला आणि माझी उरलीसुरली उमेद गेली.

मी लॅपटॉप पिशवीत घातला, स्कूटरवर पायापाशी ठेवला आणि शालिमारजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. द्वारका चौकाच्या सिग्नलला पायाला चटके बसायला लागले. आम्ही दोन्ही अधिकाऱ्यांना झोपू नका म्हणून बजावलं होतं ना, म्हणून हा पिशवीत बंद होऊनही जागा होता आणि भट्टीसारखा तापला होता. दुकानात पूजा नावाची मुलगी बसते, ती तंत्रज्ञ. तिने पिशवीत हात घातला आणि फुंकर मारत बाहेर काढला. मग शांतपणे आमच्या सगळ्या सूचना पहिल्यासारख्या करून टाकल्या, नाहीतर एक दिवस पेटेल म्हणाली, आणि चार तास लॅपटॉप स्वतःच्या समोर चालू ठेवला. मधूनमधून टंकत होती, हात टेकवत होती, पाणी पीत होती. मी स्टुलावर बसून मनोभावे तो झोपण्याची वाट बघत होतो. नाही झोपला. पूजा म्हणाली, “काका, लॅपटॉप ठणठणीत आहे.” ‘लॅपटॉप’ या शब्दावर तिने दिलेला जोर मला परतीच्या वाटेवर नाशिकरोडपर्यंत ऐकू येत राहिला.

घरी वातावरण बदललं होतं. छाया मला काल जेवणात कोणती भाजी होती ते विचारायला लागली. मी म्हणालो घोसाळ्याची, तर म्हणाली बरोबर, आणि चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं. म्हणजे तो प्रश्न भाजीबद्दल नव्हता. गॅसचं बटण मी बंद केलं की ती मागून येऊन पुन्हा बघायची. निकिताने व्हिडिओ कॉलवर सहज विचारल्यासारखं विचारलं, “बाबा, आज वार कोणता?” एवढ्या पगाराच्या मुलीला वार माहीत नाही याचं मला आधी आश्चर्य वाटलं, आणि मग एकदम कळलं. रावजींनी भाजी घेताना मला शंभरातून सात सात वजा करून दाखवायला सांगितलं. मी तेवीसपर्यंत बरोबर गेलो आणि तिथे भाजीवालीने मध्ये हिशेब विचारला म्हणून चुकलो, तर ते दुःखाने मान हलवत निघून गेले.

मी छायाला म्हणालो, तू साक्षीला बस. ती निवडायची मेथी घेऊन दहा मिनिटं समोर बसली. आपण काही करतो असं वाटायला नको म्हणून मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि लॅपटॉपला शिवलोही नाही. त्या दहा मिनिटांत तो डोळे वटारून जागा होता. छाया मेथी घेऊन उठली आणि हळू आवाजात म्हणाली, “असू द्या.”

मग मी स्वतःची नोंदवही सुरू केली. खुर्चीत बसलो १०.३०. टंकायला घेतलं १०.३१. पडदा गेला १०.३६, झाकण उघडं, स्वतः पाहिलं. मग लॅपटॉपची नोंदवही उघडायची, तर तिथे १०.३६, झाकण बंद. रोज असं. आमच्याकडे दोन लॉगबुकं जुळली नाहीत की चौकशी बसायची, आणि चौकशीत नेहमी माणूस दोषी निघायचा, कारण यंत्र खोटं लिहीत नाही. चौतीस वर्षं हे मीच इतरांना ऐकवलं होतं. आठव्या दिवशी वहीत वार लिहिण्याआधी मी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये बघून आलो. माझे वडील शेवटच्या दोन वर्षांत मला ‘साहेब’ म्हणायचे. मी कोण आहे ते त्यांना कळायचं नाही, पण कोणीतरी मोठा माणूस भेटायला आलाय म्हणून ते खाटेवर सावरून बसायचे. मला खरंच भीती वाटत होती. ती लॅपटॉपची नव्हती.

छायाने गंगापूर रोडच्या एका मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. सोमवारची. व्याख्यान रविवारी होतं. म्हणजे शहाणा माणूस म्हणून बोलायला माझ्याकडे एकच संध्याकाळ उरली होती.

त्यातही संघाचा नियम आडवा आला. हॉलमध्ये बाहेरचं विद्युत उपकरण जोडायचं तर अर्ज करायचा, त्यासोबत उपकरण सुरक्षित असल्याचा दाखला जोडायचा, आणि तो दाखला हॉलचं वायरिंग बघणाऱ्या माणसाने द्यायचा. दोनशे दहा मेगावॉटचा संच हाताळलेल्या माणसाने लॅपटॉपच्या दाखल्यासाठी दत्तू साउंडवाल्याकडे जायचं. मी रावजींना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, नियम दंतवैद्यालाही होता. दत्तू लग्नात आणि वराती-मिरवणुकांत स्पीकर लावतो, हॉलच्या मागेच त्याचं शेड आहे. त्याने लॅपटॉपचा चार्जर नाकाशी नेऊन वास घेतला, ठीक हाय म्हणाला आणि सही केली.

रविवारी पाच वाजता साठ खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेत छाया, तिच्या दोन्ही बाजूंना तिच्या कड्याच्या मैत्रिणी. मागे योगेश, परीक्षा संपवून आलेला. रावजींनी माझा परिचय वाचला, तो मीच लिहिलेला होता तरी ऐकताना बरा वाटला. मी उभा राहिलो. पडद्यावर ‘विजेची शिस्त’ आलं. दुसऱ्या चित्रात आमच्या वीज केंद्राच्या धुराच्या चिमण्या होत्या. त्या मोठ्या पडद्यावर बघून मला भरून आलं, आधाराला मी डावा हात टेकवला, आणि चिमण्या गेल्या.

मागून कोणीतरी म्हणालं, बचत सुरू झाली. लोक हसले. मी जागा केला, पुन्हा गेला. रावजी मदतीला उठले. त्यांनी डावा हात लॅपटॉपवर ठेवला, उजव्याने बटण दाबलं. उजळला, विझला. एक निवृत्त मुख्याध्यापक आले आणि त्यांनी रावजींना बाजूला केलं. उजळला, विझला. मग रेल्वेतले एक गार्ड. मग पहिल्या रांगेतून दोन बायका, आमच्या नातवाचा असाच आहे म्हणत. जो येईल त्याच्या हाताखाली तो तेवढ्याच नेमाने मान टाकत होता. मी ओरडून म्हणालो की झाकण उघडं आहे, सगळ्यांनी बघून ठेवा. माझा आवाज जरा चिरका निघाला असावा, कारण हॉल एकदम शांत झाला. त्या शांततेत रावजी छायाकडे वाकून हळूच म्हणाले, “वहिनी, उद्याची वेळ नक्की आहे ना डॉक्टरांची?”

त्यांच्या हातात माइक होता आणि तो चालू होता. साठ माणसांनी ऐकलं. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि तो रिकामा होता तरी प्यायलो. आयुष्यात मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

तेव्हा कोपऱ्यातल्या साउंडच्या मिक्सरमागून दत्तू उठून आला. त्याने माझ्या लॅपटॉपकडे पाहिलंच नाही. माझ्या मनगटाकडे पाहिलं, मग रावजींच्या, मग मुख्याध्यापकांच्या.

“साहेब, ते हातातलं काढा बरं आधी,” तो म्हणाला. “आमचा लॅपटॉप बी स्पीकरवर ठेवला का असाच झोपतो. लय वेळा झालंय. स्पीकरात चुंबक राहतं ना. झाकणाची खूण चुंबकानेच कळते त्याला. कोपऱ्यात चुंबक आलं का त्याला वाटतं झाकण लागलं.”

मी कडं काढलं. वर्षभरात पहिल्यांदा. मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता. डावा हात टेकवला. चिमण्या आल्या आणि राहिल्या. दत्तूने कडं उचलून कोपऱ्याजवळ नेलं, चिमण्या गेल्या. लांब नेलं, बटण दाबलं, आल्या. त्याने चार वेळा करून दाखवलं आणि तो पुन्हा मिक्सरमागे जाऊन बसला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

माझ्या दृष्टीने संपला नव्हता. मी योगेशला पुढे बोलावलं आणि नोंदवही पडद्यावर लावायला सांगितली. व्याख्यानाची सव्वीस चित्रं मी बाजूला ठेवली आणि साठ माणसांसमोर ती नोंदवही वाचायला घेतली. सतरा वाजून बावीस मिनिटं, झाकण बंद. होतं का बंद? हॉल म्हणाला, नव्हतं. सतरा चोवीस, झाकण बंद. होतं का? नव्हतं. मी त्या संध्याकाळच्या सगळ्या नोंदी वाचल्या, मग आदल्या दिवशीच्या, मग त्याच्या आदल्या. आदल्या दिवशी हॉल तिथे नव्हता, तरी लोक माझ्यासाठी नव्हतं म्हणत राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. योगेशने मान खाली घातली होती. रावजींनी वेळ संपल्याची घंटा वाजवली.

विजेच्या बचतीवर मी एक शब्दही बोललो नाही. आभारप्रदर्शनानंतर पंखे आणि दिवे तसेच चालू ठेवून सगळे चहाला गेले, ते मी बंद केले. बाहेर आलो तेव्हा मला वाटलं होतं लोक माझ्याभोवती जमतील. ते छायाभोवती जमले होते. एवढ्या जाड यंत्रावर परिणाम होतो म्हणजे चुंबक अस्सल आहे, यावर एकमत झालं होतं. ज्या चार-पाच जणांनी अजून कडं घेतलं नव्हतं तेही नाव नोंदवत होते.

घरी छायाने रक्तदाब मोजला. वरचा एकशे अडुसष्ट. तिने मशीन माझ्याकडे फिरवून दाखवलं.

“अर्धा तास काढलंत,” ती म्हणाली, “आणि बघा.”

मी सांगायचा प्रयत्न केला की साठ माणसांसमोर वेडा ठरत असताना कोणाचाही रक्तदाब वाढतो, पण तोपर्यंत कडं मनगटात परत आलं होतं. मग मी म्हणालो की निदान उद्याची वेळ तरी रद्द कर, आता सगळं सिद्ध झालं आहे. छाया म्हणाली, झाकणाचं सिद्ध झालं. पण चार माणसांत उभं राहून पंधरा मिनिटं झाकणाच्या वेळा वाचणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी एकदा बघितलेलं बरं.

सोमवारी आम्ही गेलो. डॉक्टर तरुण आणि सौम्य होते. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. या वेळी मी थेट दोनपर्यंत गेलो. मग त्यांनी आपला लॅपटॉप माझ्याकडे वळवला. चित्रं येतील, प्रत्येक चित्रात काय दिसतं ते सांगायचं. ते पलीकडे पेन घेऊन बसले, त्यांना पडदा दिसत नव्हता. मी सरसावून बसलो. कासव, मी म्हणालो. छत्री. बैलगाडी. तीन उत्तरं बरोबर आली तसा माझा जीव भांड्यात पडला आणि डावा हात त्याच्या नेहमीच्या जागी जाऊन विसावला.

“आता काय दिसतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“काही नाही.”

“घाई नका करू. नीट बघा.”

मी नीट बघितलं. “अंधार,” मी म्हणालो.

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं, बऱ्यापैकी लांब. अंधाराचं कारण मला माहीत होतं. तुमच्या लॅपटॉपला झाकण लागल्याचा भास होतोय एवढंच सांगायचं होतं. पण हे वाक्य मेंदूच्या डॉक्टरांसमोर बोललं तर काय होईल तेही मला दिसत होतं, आणि त्या विचारात हात उचलायचं काही सुचेना. मी तसाच काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो.

शेजारी खुर्ची सरकली. छायाने माझा डावा हात टेबलावरून उचलला आणि स्वतःच्या मांडीवर घेऊन दोन्ही हातांत धरून ठेवला. उजव्या हाताने मी एक बटण दाबलं. पडदा उजळला. “किटली,” मी म्हणालो.

पुढची सगळी चित्रं मी बरोबर ओळखली. छायाने शेवटपर्यंत हात सोडला नाही, आणि माझ्याकडे बघितलंही नाही. डॉक्टरांनी आमच्या हातांकडे एकदा पाहिलं, पेन उचललं आणि कागदावर लिहून दिलं की स्मरणशक्ती उत्तम आहे, मात्र अधूनमधून दिसेनासं होतं, अशा वेळी पत्नीने हात धरावा.

तो कागद छायाने फ्रिजवर लावला आहे. कड्यातल्याच एका चुंबकाने.